दाजींचं लांबलचक गाऱ्हाणं

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कट्टा, ता. मालवण
१६ ऑक्टोबर १९५९

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. क्षेम सगळेच आहेत, एक तुमचे बंधुराज सोडून. पण घाबरू नका, आधी गंमत ऐका.

नवरात्रात सातेरीच्या देवळात आपल्या दाजींच्या कंपनीचा खेळ होता. हे नेहमीप्रमाणे हिरण्यकश्यपू. वन्सं, नुसते उभे राहिले आणि समोर बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरली! डोळे असे बाहेर आलेले की बघणाऱ्याला वाटावं आता खाली पडतात. दशावतारी मंडळी गावोगाव फिरतात, तुमचे हे दाजीकाका पन्नास वर्षं फिरताहेत, पण त्यांचा आनंद मी असा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "पेटाऱ्यात सगळी सोंगां होती, पण असे डोळे नव्हते गो!" वेंगुर्ल्यापर्यंत बोलबाला झाला आहे. सुपाऱ्या येताहेत.

आता दुसरी बाजू. हे डोळे खेळ संपला तरी आत जात नाहीत. घरातही तसेच. मोठमोठ्या भाकऱ्या खातात, माझ्या ताटातलीही उचलतात, आणि अंगावर मांस म्हणून नाही. बरगड्या बाहेरून मोजाव्या. घाम तर असा की पहाटेच्या गारव्यातही उघडे बसतात. झोप नाही. परवा गाईवर ओरडले, ती बिचारी दोन दिवस दूध चोरून बसली. आणि हात थरथरतो. रंग करायला बसले तर भुवई कपाळावर गेली. शेवटी ती मी काढून दिली, पडद्यामागे, पदर डोक्यावरून पुढे ओढून.

वाडीतल्या बायका म्हणतात, सोंग अंगावरून उतरलंच नाही, राक्षस आतच राहिला. मला ते काही पटेना. राक्षस शिरला असता तर भाकरीवर भागलं नसतं, वाडीतला एखादा माणूस कमी झाला असता. म्हणून बाजाराला जायचं निमित्त काढून त्यांना मालवणास डॉक्टर फेलिक्स यांच्याकडे नेलं. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले, बोटांवर कागद ठेवला. कागद नाचायला लागला. मग गळ्याला हात लावला तर सुपारीपेक्षा मोठी गाठ. म्हणाले, भूतबीत काही नाही, गळ्यातली ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करते आहे, उपाय आहे, पण मुंबईला दाखवा.

तेव्हा या आगबोटीनं पाठवते आहे. दिवाळीचा फराळ जास्तीचा करून ठेवा, हे मी विनोदानं लिहीत नाही.

सासूबाईंचा आशीर्वाद. मोठ्या घरच्या वन्संनी धाकट्या भावजयीवर जीव ठेवावा, एवढंच मागते.

तुमची,
आनंदी

॥ श्री ॥

मुंबई
८ नोव्हेंबर १९५९

चि. सौ. आनंदी हिस,
सुभद्रेचे अ. उ. आ.

तुझा नवरा परत निघाला. चकल्यांचा डबा बरोबर दिला असता, पण तो इथेच रिकामा झाला.

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्याला नळीत श्वास सोडायला लावून काही मोजमाप घेतलं. रोग नक्की आहे आणि बरा होणारा आहे, हे पहिलं वाक्य तू मोठ्यानं वाचून दाखव. त्या ग्रंथीचं नाव थायरॉईड. चुलीजवळ बसून कोणी सारखी फुंकणी मारत राहिलं तर लाकडं भराभर जळतात, तसं त्याच्या अंगात चाललं आहे. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून रोड.

उपाय दोन. एक म्हणजे गळ्यावर शस्त्रक्रिया. पण डॉक्टर म्हणाले की आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटून जाते, क्वचित एखाद्याचा आवाज जातो. हे ऐकल्याबरोबर आपले हिरण्यकश्यपू खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले! मी सदऱ्याला धरून आणला. दुसरा उपाय गोळ्यांचा. कार्बिमाझोल असं नाव आहे. रोज घ्यायच्या, वर्ष-दीड वर्ष, न चुकता.

आता हे नीट वाच. लाखात एखाद्याला नव्हे, पण शेकडोंत एखाद्याला या गोळ्यांचा उलटा परिणाम होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात. त्याची खूण एकच, घसा दुखणं आणि ताप. तसं झालं तर गोळी त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर फेलिक्सांकडून रक्त तपासून घ्यायचं. मी डॉक्टरांना विचारलं, अहो, हा दशावतारी माणूस, कार्तिकापासून वैशाखापर्यंत याचा घसा कधी जाग्यावर असतो? ते हसले नाहीत. म्हणाले, आवाज बसणं वेगळं आणि गिळताना दुखणं वेगळं. हा फरक बायकोला समजावून सांगा, त्याला नको. तुझी कीर्ती इथवर आली आहे असं दिसतं.

आणि 'आशिर्वाद' नव्हे, 'आशीर्वाद'. मागच्या पत्रात बरोबर लिहिलास, त्याआधीच्या चार पत्रांत चूक होती. मास्तरीण नणंद मिळाली, भोग आता.

आईला नमस्कार. पत्राला पत्र येत राहू दे, म्हणजे माझा जीव जाग्यावर राहील.

सुभद्रा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कट्टा
२३ नोव्हेंबर १९५९

ती. सौ. वन्सं यांस,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

गोळ्या सुरू झाल्या! पण सुरू कशा झाल्या ते ऐका.

हे घरी आले आणि दाजी दारात उभे. म्हणाले, गळा देवाचा, कंपनी देवाची, तेव्हा कौल घेतल्याशिवाय एक गोळी घशाखाली जायची नाही. मी मनात म्हटलं झालं, देवानं डावी दिली तर आता मी रवळनाथाशी भांडायचं की काय! तुम्हांला आठवतच असेल, आपला गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि देवापुढे गाऱ्हाणं घालायला कोण? दाजीच. दाजींनी आयुष्यात एक गोष्ट एका वाक्यात सांगितली असेल तर मला शंभर रुपये द्यावेत.

सुरुवात झाली ती बारा गावचे बारा देव गोळा करून. मग पूर्वज. मग कंपनीचा पेटारा. मग म्हणे, "आज ह्यो तुझो झील गुरुदास तुझ्या पायाकडे इलो आसा म्हाराजा!" आम्ही म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मग गळ्याची गाठ, मग डोळे, मग आगबोट, मग तुमचं नाव, मग तुमच्या चकल्या. गुरव जांभई देत होता. शेवटी एकदाचे मुद्द्यावर आले, "तर मुंबयच्या डॉक्टरान दिलेला औषध, डॉक्टर सांगात तसा, सांगात तेवढा, सांगात तवसर घेवचा काय, ता तू उजवी देवन सांग रे म्हाराजा!" आम्ही "व्हय" म्हणतोय तोवर उजवी पाकळी टपकन खाली! देवही बहुधा कंटाळला होता.

परतताना मी यांना म्हटलं, 'घेवचा काय' एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं, ते तसा, तेवढा आणि तवसर, म्हणजे सांगतील तोपर्यंत, हे सगळं कशाला? दाजींनी ऐकलं. म्हणाले, "देवाक अर्धवट सांगूक नको गो बाये. मागसून घोळ होता."

बरं, तुमचं घशाचं मी पाठ केलं आहे. बसला तर बसू दे, गिळताना दुखला तर गोळी बंद. रोज सकाळी यांना पेज देते आणि गिळताना तोंडाकडे अशी बघत राहते की आल्यागेल्याला हसू यावं.

तुमच्या मायेच्या सावलीतली,
आनंदी

॥ श्री ॥

मुंबई
१४ जानेवारी १९६०

चि. सौ. आनंदी हिस,
अ. उ. आ. आणि तिळगूळ घे, गोड बोल. तुझ्यासाठी हे अवघड आहे, पण प्रयत्न कर.

अगं, गुरुदासचं पोस्टकार्ड आलं! मजकूर काहीच नाही, "मी बरा आहे, जाडा झालो, दाजी रागावले," बस. पण अक्षर! ओळी सरळ, वेलांट्या जागच्या जागी. दिवाळीत त्यानं माझ्या देखत सही केली होती ती कोंबडी चालल्यासारखी होती. मी ते कार्ड वर्गात नेलं आणि मुलींना कित्ता म्हणून दाखवलं. वेडी म्हण मला.

दाजी का रागावले तेही कळलं. डोळे थोडे आत गेले ना! त्यांना सांग, तसे डोळे नसले तरी हिरण्यकश्यपूचा आवाज आहे, आणि आता भुवई स्वतःची स्वतः काढतो आहे. ती तू काढत होतीस तोवर राक्षस जरा सुंदरच दिसत असणार.

वालावलला फेब्रुवारीत खेळ आहे असं त्यानं कोपऱ्यात लिहिलं आहे. माझं आजोळ! शाळेनं रजा दिली तर मी येणार, लक्ष्मीनारायणासमोर बसून बघणार. रजा मिळाली नाही तर तू सगळं लिही, एक आरोळीही गाळू नकोस.

माझा जीव तुम्हां दोघांत अडकला आहे, तो असाच अडकून राहू द्या.

सुभद्रा

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

मालवण
९ फेब्रुवारी १९६०

ती. सौ. वन्सं यांस,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

माझी तार मिळाली असेल. आधी हे वाचा की ताप उतरला आहे आणि डॉक्टर फेलिक्स आज पहिल्यांदा हसले. आता बसून वाचा.

वालावलच्या खेळाच्या दिवशी सकाळी मी यांना पेज दिली. त्याआधी आठ दिवस आवाज बसलेलाच होता, तो तर दर वर्षी बसतो. एक घोट घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. डोळ्यांत पाणी. कपाळाला हात लावला तर तवा. मी म्हटलं, गोळी बंद, चला मालवणास. तर कुजबुजत म्हणतात, "घसो बसलो आसा गो, दुसरा काय नाय." बसलेल्या घशानं पेज गिळताना रडू येत नाही, असं मी म्हटलं. तोवर दाजी आले, रात्रीच्या खेळाचा पेटारा काढायला.

दाजींना सांगितलं तर ते पांढरे पडले, पण गोळी थांबवायला तयार होईनात. "देवान उजवी दिली ती औषध घेवक. आता थांबवचा तर परत कौल होयो." आणि कौल लावायचा कसा? गुरवांच्या सगळ्या भावकीला सुतक! देऊळ बंद. दाजी म्हणाले, सुतक फिटेपर्यंत देवाची आज्ञा चालू. आणि यांनी मान हलवली! एका हातात पाण्याचा गडू, एका हातात गोळी. वन्सं, मला यांचा असा राग आला की काय सांगू. हा माणूस खेळात देवाला खांबातून बाहेर बोलावतो आणि घरात एक गोळी खाली ठेवायला त्याची परवानगी मागतो.

दाजींसमोर मी आजवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी यांचं मनगट धरलं आणि दाजींना म्हटलं, देवाची आज्ञा तर देवाची आज्ञा, पण ती काय होती? तुम्ही घातलेलं गाऱ्हाणं पुन्हा म्हणून दाखवा. दाजींना काही म्हणून दाखवा म्हटलं की ते नाही म्हणू शकत नाहीत, हे तुम्हीही जाणता. देवळाकडे तोंड करून उभे राहिले, हात जोडले, आणि बारा देवांपासून सुरुवात! मी मधे बोलले नाही. सासूबाई आतून सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. यांचा हात माझ्या हातात चुलीतल्या निखाऱ्यासारखा, आणि दाजी तिकडे आगबोटीत, तुमच्या चकल्यांत. जीव नुसता टांगणीला. आणि मग आलं. "डॉक्टर सांगात तसा, सांगात तेवढा, सांगात तवसर..." दाजी तिथेच थांबले. तोंड उघडंच.

मी म्हटलं, "सांगात तवसर, दाजी! डॉक्टरान सांगल्यान, घसो दुखलो तर थांबवा. मग देवान सुदा तवसरच सांगल्यान मां?"

दाजींनी स्वतः यांच्या हातातली गोळी काढून घेतली. मग एकदम ओरडले, "माझ्या तोंडातून देवानच वदवल्यान ता!" आणि आमच्या आधी बस अडवायला कट्ट्याच्या नाक्यावर धावले, धोतराचा सोगा हातात धरून. आता गावभर सांगत फिरताहेत की गाऱ्हाणं लांब का घालावं. त्यांना या जन्मात कोणी गप्प करू शकणार नाही, आणि मी तर नाहीच.

डॉक्टर फेलिक्सांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, बराच वेळ बघितलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. म्हणाले, आणखी दोन दिवस गोळी पोटात गेली असती तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. दवाखान्यामागच्या खोलीत ठेवून पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू केली, बाहेरचं कोणी जवळ येऊ दिलं नाही. आज पेशी परत दिसायला लागल्या आहेत. आज पेजेची दुसरी वाटी मागितली. दुसरी, वन्सं!

वालावलला हिरण्यकश्यपू कंपनीतल्या लवूनं केला. बरा केला म्हणतात. हे ऐकून तुमचे बंधुराज भिंतीकडे तोंड करून निजले, म्हणजे प्रकृती सुधारते आहे.

तुमच्या त्या पत्रानं माझं कुंकू राखलं, याहून मोठा लोभ मी आणखी काय मागू?

आनंदी

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

कट्टा
१ मार्च १९६०

ती. सौ. वन्सं यांस,
आनंदीचे शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींबरोबर देते आहे, आणि त्यांच्याबरोबर हेही येताहेत. ती गोळी आता जन्मात घ्यायची नाही, असं डॉक्टर फेलिक्सांनी मला तीनदा सांगितलं. पण गोळ्यांनी तीन महिन्यांत अंग भरलं, छातीची धडधड निवली, म्हणून आता शस्त्रक्रिया सोसवेल, असंही म्हणाले. उशीर केला तर रोग परत उचल खाईल.

म्हणजे ज्या सुरीला भिऊन दारापर्यंत पळाले, तिच्याकडेच चालले आहेत. मला वाटलं होतं आकांत करतील. तर काल संध्याकाळी परसात बसले आणि नुसतं गात राहिले. कोणतंही आख्यान नाही, कधी नांदी, कधी राक्षसाची आरोळी, कधी लहानपणीचं काहीतरी. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी भाकऱ्या थापत होते. सगळ्या करपल्या.

मी यांना म्हटलं, मुके झालात तरी मला चालेल, घरात जरा शांतता. हे हसले. वन्सं, खोटं बोलले मी. मला तो आवाज हवा आहे. लग्न झालं तेव्हा मी यांचं तोंड बघण्याआधी आवाज ऐकला होता. सासूबाईंना एकटं टाकून येता येत नाही, नाहीतर मी बोटीच्या टपावर बसून आले असते.

कौल घेतला. उजवी दिली. या वेळी दाजींना मीच म्हटलं, घाई करू नका, सगळं सांगा.

मी इथे आहे, पण माझे कान तिथे आहेत असं समजा.

आनंदी

॥ श्री ॥

मुंबई
२३ मार्च १९६०

चि. सौ. आनंदी हिस,
सुभद्रेचे अनेक, अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद!

शस्त्रक्रिया पार पडली ही तार तुला मिळाली. तारेत आवाजाबद्दल काही नव्हतं म्हणून तू जेवली नसशील. मीही जेवले नव्हते, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच. सगळं क्रमानं सांगते, पुढचं आधी वाचू नकोस. वाचशीलच.

आधी काही दिवस दुधातून आयोडीनचे थेंब दिले, नाडी ताब्यात आली, मग आत नेलं. बाहेर आला तो गळ्याला पांढरं बांधलेलं, कीर्तनकाराच्या उपरण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, नस मला स्पष्ट दिसली, मी तिला धक्का लावलेला नाही, पण बोलल्याशिवाय खरं कळत नाही. शुद्धीवर आला. डॉक्टरांनी विचारलं, नाव सांगा. गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. गप्प. पाणी हवं तर बोटानं दाखवायचा. मी विचारलं, दुखतं का, तर मान हलवून नाही. आनंदी, तो बोलून बघायलाच तयार नव्हता गं! बोललं नाही तोवर आवाज गेला असं कोणी म्हणू शकत नाही, एवढाच त्याचा हिशेब. लहानपणी आंबा नासका निघेल म्हणून कापायचाच नाही, तोच हा.

डॉक्टर चिंतेत. दाजीकाका उशाशी बसून, चक्क मुके. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. आणि मग मला सुचलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि भर वॉर्डात सुरू केलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो तुझो झील गुरुदास, परमुलखात खाटेर पडलो आसा म्हाराजा!"

दाजीकाका दचकले, पण सवय कुठे जाते? "व्हय म्हाराजा!" म्हणाले. मी पुढे. बारा देव, पूर्वज, पेटारा, काही सोडलं नाही, तुझ्या करपलेल्या भाकऱ्यासुद्धा घातल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर वेंगुर्ल्याचा एक खलाशी पाय बांधून पडला होता, तो दुसऱ्या वेळी तिकडून म्हणाला, "व्हय म्हाराजा!" परिचारिका धावत आली, डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. मी गुरुदासकडे बघत होते. ओठ हलले. मिटले. मी आवाज चढवला, "ह्येच्या बायलेचे कान थंय कट्ट्याक ह्येच्या आवाजाक लागलेले आसत, ते तू मोकळे कर रे म्हाराजा!"

आणि खाटेवरून आलं. "व्हय म्हाराजा!"

जाड, खणखणीत, हिरण्यकश्यपूचं! खिडकीवरचं कबूतर उडालं. म्हणाला आणि स्वतःच घाबरून बघायला लागला की हे कोण बोललं. मग पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. आता डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून सांगितलं आहे, आणि तो ऐकत नाही.

गाऱ्हाणं मात्र माझं अर्धवटच राहिलं. पुढचं म्हणायला गेले तर माझ्याच गळ्यातून शब्द येईना. ते दाजीकाकांनी पूर्ण केलं, आणि तुला सांगायला नको, ते चांगलंच लांबलं.

पुढच्या बोटीनं दोघं निघतील. तुझा लोभ मजवर ठेव, सांगात तवसर नव्हे, कायमचा.

तुझी,
सुभद्रा